आईच्या नावाचा रकाना

‘घरात कोणाला हा आजार आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर दिवसातून पंचवीस वेळा विचारतो. मधुमेह असो, दमा असो, मिरगी असो की सिकलसेल. रोगी समोर बसला की पहिली चौकशी त्याच्या आई-वडिलांची. रोगीही सवयीने सांगतो, ‘माझ्या मायले साखर होती जी’, ‘बाबाले दमा होता.’ आमचे अर्धे निदान या उत्तरातच होऊन जाते. पण ज्याला आपली आई कोण हेच ठाऊक नाही, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तो शिवला एका हिवाळ्यातील दुपारी, निवृत्तीनंतर थाटलेल्या माझ्या चंद्रपूरच्या लहानशा दवाखान्यात.

एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या घरात. चेहरामोहरा पाहून कोणीही म्हणावे, या धानोरा नाहीतर एटापल्लीकडच्या. पण तोंडातून शब्द निघाला तो इंग्रजी. सोबत नागपूरच्या एक शिक्षिका दुभाषी म्हणून आल्या होत्या. बाईंचा जन्म १९८० सालच्या पावसाळ्यातला. दीड वर्षाच्या असताना एका संस्थेतून त्या स्वीडनला दत्तक गेल्या. तिथेच वाढल्या, शिकल्या, लग्न झाले, मुलगी झाली. दत्तक आई-वडिलांबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती. बोलताना दोनदा त्यांचे डोळे भरून आले, ते त्या आई-वडिलांच्या आठवणीनेच.

त्यांच्याजवळ एक जुना, घड्या पडलेला कागद होता. त्यावर आपल्या भागातील एका तालुक्याचे नाव आणि ‘जि. चंद्रपूर’ एवढेच. खाली दोन रकाने. आई : अज्ञात. वडील : अज्ञात. तो तालुका आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, हे त्यांना कोण सांगणार? दोन दिवस त्यांनी चंद्रपूरच्या कचेऱ्यांत घालवले होते.

मी विचारले, ‘ताई, मी तुमच्यासाठी काय करू?’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या पहिल्या बाळंतपणात रक्त कमी भरले म्हणून तपासणी झाली. मी सिकलसेलची वाहक निघाले. माझी मुलगीही वाहक आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की, हे तुम्हाला आई किंवा वडील यांच्यापैकी कोणाकडून तरी आलेले आहे. माझ्या जन्मदात्यांची माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट आहे. ती काय आहे, हे मला त्यांच्याच भागातल्या डॉक्टरकडून समजून घ्यायचे आहे.’

रक्तातील वारसा

जे त्यांना सांगितले तेच वाचकांसाठीही सांगतो; कारण हा आजार आपल्या घराघरातला आहे. सिकलसेल हा संसर्गाने होणारा रोग नाही, तो आनुवंशिक आहे. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणारे एक जनुक आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्हींपैकी एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’. तिला बहुधा काही त्रास होत नाही. दोन्ही सदोष असतील तर ती रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. तिच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. रक्त कमी होते, जंतुसंसर्ग वारंवार होतो.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. बाईंच्या पतीचे रक्त निर्दोष होते, म्हणून मुलीची काळजी नव्हती. एवढेच की, पुढे लग्नाच्या वेळी तिच्या जोडीदाराची तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगावे.

चंद्रपूर-गडचिरोलीत गोंड, माडिया, परधान यांच्यात आणि इतरही अनेक समाजांत हा दोष आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा रोग आटोक्यात आणण्याचे उद्दिष्ट आहे. पण बाईंना मी हेही स्पष्ट सांगितले की, सिकलसेल म्हणजे गावाचा पत्ता नव्हे. हा दोष मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरातेत आहे, आफ्रिकेतही आहे. रक्तावरून आई सापडत नाही. आई सापडते ती कागदावरून, आणि तिथेच तर आपण कमी पडलो.

दूरदेशी गेलेली बाळे

आपल्या देशातून परदेशी दत्तक जाण्याचा ओघ १९७० च्या दशकात वाढला. त्या वेळी परदेशी दांपत्याला भारतात रीतसर दत्तक घेता येत नसे. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता. म्हणून १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक घ्यायची, बाळ परदेशी न्यायचे आणि तिकडच्या कायद्याने दत्तक घ्यायचे, असा मार्ग होता. या मार्गात गैरप्रकारांना वाव होता. १९८२ साली ॲड. लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. आधी मूल जन्मदात्यांकडेच राहावे असा प्रयत्न, ते न जमल्यास देशातच घर, आणि तेही न मिळाल्यास परदेश, हा क्रम तेव्हापासून ठरला. १९९० साली ‘कारा’ ही केंद्रीय संस्था आली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली.

नियम आले तरी गैरप्रकार संपले नाहीत. पुण्याच्या ‘प्रीत मंदिर’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाला २०१० साली सीबीआय चौकशीचा आदेश द्यावा लागला. मुंबईहून १९८९ साली अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीचे तिथल्या नागरिकत्वाचे कागद कोणी पूर्णच केले नाहीत. पुढे तिला लग्न-मुले झाल्यावर २००८ साली भारतात पाठवून देण्यात आले, जिथली भाषाही तिला येत नव्हती.

आता ही मुले मोठी होऊन परत येत आहेत. पुण्यातून १९७३ साली जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांनी आपली फाइल पाहायला मिळावी म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर २०१० साली त्यांची आईशी भेट झाली. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक आणि थुरगाऊ या दोन कँटनांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांच्या फाइली संशोधकांकडून तपासून घेतल्या. तो अहवाल २०२४ साली पुस्तकरूपाने आला. आईच्या संमतीचा कागद कुठे आहे, हाच त्यातील मुख्य प्रश्न. पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे ‘आई अज्ञात’. नेदरलँड्सने २०२१ साली परदेशी दत्तक थांबवले होते. पुढे २०२४ साली ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. हे सारे देश आज मान्य करत आहेत की, बाळाला घर देण्याच्या घाईत त्याच्या आईला कोणी काही विचारले नाही.

शरीर विसरत नाही

आरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा अभ्यास तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. या मुली पोहोचल्या तेव्हा बहुतेक खुरटलेल्या, कुपोषित होत्या. चांगले अन्न मिळताच त्यांची वाढ झपाट्याने झाली. पण त्यांना पाळीही लवकर आली. मधले वय ११.६ वर्षे आणि एका मुलीला तर सातव्या वर्षीच. पाळी लवकर आल्याने हाडांची वाढ लवकर थांबली आणि उंची कमी राहिली. आमच्या पाहुण्या बाईंनी हे ऐकले तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘मला नवव्या वर्षी आली. वर्गात मी एकटीच. मला वाटायचे, माझ्यातच काहीतरी बिघाड आहे.’ पस्तीस वर्षे एका शरीरशास्त्रीय घटनेची लाज त्या बाळगून होत्या. त्यांची आई जवळ असती तरी पाळी लवकर आलीच असती कदाचित, पण समजावणारे कोणी भेटले असते.

दुसरी गोष्ट मनाची. स्वीडनमध्येच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, परदेशातून दत्तक आलेल्यांपैकी बहुसंख्य चांगले जगतात. तरी मानसिक आजार आणि आत्महत्या यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आहे. याचा अर्थ दत्तक घेणे वाईट असा कोणी घेऊ नये. रुमानियातील अनाथालयांतून इंग्लंडमध्ये गेलेल्या बाळांच्या अभ्यासात दिसले की, सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली बाळे जवळजवळ पूर्ण सावरली. उशिरा गेलेल्यांत अनेकांना त्रास राहिला. बाळाला दूध, लस, औषध जितके लागते तितकेच एक ठरलेले माणूस लागते. ते लवकर मिळावे, हे खरे. पण लवकर म्हणजे चोरून नव्हे.

माझ्या हातचा शब्द

आता जे लिहितो ते आजवर घरीही बोललो नव्हतो.

१९८४ सालचा उन्हाळा. मी नवीन डॉक्टर, एका ग्रामीण रुग्णालयात. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीला तिची मावशी आणि मामा रात्री खासरातून घेऊन आले. लग्न झालेले नव्हते. पहाटे मुलगी झाली, वजन सव्वादोन किलो. मावशीने हात जोडले, ‘साहेब, नाव नका लिहू जी. पोरीचं लगन करायचं हाय.’ मला दया आली. आपण फार मोठे पुण्य करत आहोत, असेही वाटले. मी कागदावर लिहिले, ‘माता अज्ञात’. मामाने अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी जीपने बाळ नागपूरकडच्या एका संस्थेत गेले.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तेव्हा ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध साचून छाती दगडासारखी झाली होती. तिने एकच विचारले, ‘माही पोरगी कुठं नेली जी?’ मी म्हणालो, ‘चांगल्या घरी जाईल.’ दूध सुकवण्याची गोळी लिहिली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. बाळ द्यायचे की नाही, हे मी तिला विचारलेच नव्हते. तिच्या मामाला विचारले, मावशीला विचारले. जिने जन्म दिला तिला विचारावे, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

समोर बसलेल्या बाईंचा कागद मी दोनदा पाहिला. साल वेगळे, तालुका वेगळा, अक्षर माझे नाही. ती मुलगी ही नव्हे. पण शब्द तोच होता. माझ्यासारख्याच एखाद्या दयाळू माणसाने तो लिहिला असणार.

मी बाईंना हे सांगितले. सांगावे की नाही, याचा बराच वेळ विचार केला. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढेच विचारले, ‘तिने विचारले होते? खरेच विचारले होते?’ मी म्हणालो, ‘हो.’ त्या म्हणाल्या, ‘मग माझ्याही आईने कदाचित विचारले असेल.’

आज काय करता येते

कुमारी मातांचा प्रश्न आजही आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीचे नाव या प्रश्नासाठी वर्तमानपत्रांत वारंवार येत आले आहे. पण आज कायदा आईच्या बाजूने उभा आहे. आशा, परिचारिका, डॉक्टर, पोलीस पाटील आणि घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक. बाळ सांभाळणे अशक्य असेल तर आईने जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येऊन ते स्वाधीन करता येते. नाव गुप्त राहते. समितीने आधी तिला समजावून सांगायचे असते. त्यानंतरही तिला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. या मुदतीत ती आपले बाळ परत मागू शकते. हे तिला तिच्याच भाषेत, माडिया असेल तर माडियात, सांगितले गेले पाहिजे.

दोन. परिस्थितीपुढे हात टेकून बाळ सोडावे लागले असेल तर बाल न्याय कायदा आईला गुन्हेगार ठरवत नाही. म्हणून झुडपात, नाल्याकाठी बाळ टाकण्याचे काही कारण नाही. १०९८ या क्रमांकावर फोन करावा.

तीन. ‘अमक्याला मूल नाही, त्याला देऊन टाकू’ असा परस्पर व्यवहार करू नये. तो गुन्हा आहे. पैसे घेतले-दिले तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि रुग्णालयातील कर्मचारी त्यात असेल तर किमान तीन ते सात वर्षे. अशा बाळाचा कोणताही कागद राहत नाही. मोठेपणी शोधायला त्याला ‘अज्ञात’ हा शब्दसुद्धा मिळत नाही.

चार. आई अठरा वर्षांच्या आतली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. या भीतीने मुलीला दवाखान्यात न आणता घरी बाळंत करणे म्हणजे दोन जीव धोक्यात घालणे. गुन्हा तिच्यावर अत्याचार करणाऱ्याचा असतो, तिचा नव्हे.

पाच. आपल्या भागातील अशा प्रत्येक बाळाची सिकलसेल तपासणी व्हावी. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते, त्यामुळे रुग्ण बाळही ठणठणीत दिसते. साधी विद्राव्यता चाचणी या वयात फसवते. एचपीएलसी तपासणी करावी. रोग लवकर कळला तर पेनिसिलीन व न्यूमोकोकलची लस यांनी जीव वाचतो. आई तयार असेल तर तिचीही तपासणी करावी. तिचा रक्तगट, घरातील आजार, बाळाचे जन्मवजन, जन्माची वेळ हे सारे लिहून फाइलीत बंद ठेवावे. तिला बाळासाठी दोन शब्द सांगायचे असतील तर तेही लिहून घ्यावेत.

सहा. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ‘कारा’कडे किंवा संबंधित संस्थेकडे आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी दत्तक पालकांसह संयुक्त अर्ज करता येतो. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्यांची इच्छा नसेल तर त्यांची ओळख उघड होत नाही. दोघांचाही मान राखणारा हा नियम आहे. म्हणून आईचे नाव लिहून ठेवल्याने तिची बदनामी होईल, ही जुनी समजूत आता सोडावी. नाव लिहिणे आणि नाव जाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सात. दत्तक पालकांनी मुलापासून हे लपवू नये. तीन-चार वर्षांच्या वयापासून गोष्टीसारखे सांगत जावे. लग्नाच्या मांडवात कोणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा आईच्या मांडीवर कळलेले बरे. डॉक्टरांनीही ‘घरात कोणाला आहे का?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर आले तर चारचौघांत खोदून विचारू नये. तपासण्या थोड्या अधिक कराव्यात, एवढेच.

हे सारे फार आधुनिक आहे, असे कोणी समजू नये. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मरण आले. यशवंताच्या जन्मदात्या आईचे नाव आज दीडशे वर्षांनी तुम्हा-आम्हाला माहीत आहे. त्या नावाने फुले दांपत्याचे आई-बापपण तसूभरही कमी झाले नाही.

आमच्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचे आडनाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाव देणारे असे हात आपल्याकडे आहेत. नाव पुसणारे हात थांबले पाहिजेत.

बाई दुसऱ्या दिवशी कागदावरच्या त्या तालुक्याला जाऊन आल्या. तिथल्या दवाखान्याची जुनी इमारत पडली होती, जुनी कागदपत्रे वाळवीने खाल्ली होती. आवारात मोहाचे झाड होते, त्याखाली थोडा वेळ बसल्या. परतताना पुन्हा माझ्याकडे आल्या. ‘कारा’चा अर्ज कसा करायचा ते समजावून घेतले. मग म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुमच्याकडे माझा केसपेपर करून ठेवा. इथे कुठेतरी माझे नाव असू द्या.’

मी केसपेपर काढला. नाव, वय, वजन, रक्तगट, सिकलसेल एएस. त्याखाली छापील रकाना होता, कौटुंबिक माहिती. पेन क्षणभर थांबले. मग मी लिहिले : ‘आई या भागातील. चौकशी चालू आहे.’